लाल दोऱ्याचं बटण

आई, परवा सुभेदारांचा फोन आला होता. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत गावातून मला आलेला हा दुसराच फोन. पहिला तू गेल्याचा, तोही त्यांनीच केला होता. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, आवाज खरखरतो, पण बोलतात अजून समोरच्याला रांगेत उभं केल्यासारखं. म्हणाले, वेशीजवळची पाटी गंजून गेलीय, तिच्या जागी काळ्या दगडाची नवी बसवायचीय, गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरून. जुन्या पाटीवर माझं नाव आहेच. वर माझी नोकरीची सतरा वर्षं भरली म्हणून गावातली पोरं मिरवणुकीचं बोलतायत. जीप सजवायची, हलगी लावायची, घरापर्यंत गुलाल. कुणीही रिटायर होऊन आलं की गाव हे करतं, तुला माहीत आहे. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पोरांस्नी ठावं न्हाई. मला हाय. नाव खोडू का ठिवू, येवढंच सांग." मी दोन दिवस मागून घेतले.

ते दोन दिवस आज संपले. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मी दोन खोल्या घेतल्यात, तिथे खिडकीशी बसून हे लिहितेय. इथून आपल्या गावाला एसटीने चार तास लागतात, आणि मी मुद्दामच इथवर येऊन थांबलेय. त्याहून गावाजवळ यायची छाती नाही आणि त्याहून लांब राहवत नाही. एक सांगून ठेवते, मी लहानपणाचंही गेले, आले असंच लिहिणार. तुला खटकेल. खटकू दे.

मला बेदाण्याची शेड आठवते. बाप मला चार वर्षांची ठेवून गेला आणि तू मला घेऊन शेडवर निवडायला जायला लागलीस. वर हिरवी जाळी, खाली एकावर एक जाळ्यांचे मजले, त्यावर पसरलेली द्राक्षं, आणि टोकाच्या बंद खोलीत गंधकाची धुरी. त्या धुरीने बेदाण्याला पिवळा रंग चढायचा आणि तुम्हा बायकांना खोकला. तू मांडी घालून ढिगापुढे बसायचीस आणि तुझी बोटं आपोआप चालायची. हिरवा इकडे, पिवळा तिकडे, काळा बाजूला, काडी खाली. गप्पा मारता मारता निवडायचीस, पण हिरव्या ढिगात एक काळा दाणा कधी गेला नाही. मालक म्हणायचा, हिच्या डोळ्याला चुकत नाही. मला तुझ्या डोळ्यांचा तेव्हापासून अभिमान होता आणि तेव्हापासूनच भीतीही होती.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. दुपारी भाकरी खाऊन झाली की बायका मला नाचायला सांगायच्या. फाटक्या जाळीचा तुकडा मी पदरासारखा खांद्यावर घ्यायची आणि दोन रॅकच्या मधल्या बोळात नाचायची. बायका हसून लोळायच्या, तू पण हसायचीस, तोंडावर पदर धरून. तो तुझा हसरा चेहरा मी पुढे कितीतरी हॉलांमध्ये शोधला. एक दिवस मुकादम आत आला. उभा राहून सगळा नाच बघितला, मग तुला म्हणाला, "पोराला भरतीच्या रस्त्याला लाव बाई, न्हाईतर हातचं जातंय हे." तुझं हसू जागच्या जागी गेलं. तू उठलीस, माझ्या खांद्यावरची जाळी ओढून काढलीस आणि त्याच जाळीने मला मारलंस, सगळ्यांपुढे. प्लास्टिकची जाळी, पाठीवर चौकटी उठल्या. घरी आल्यावर त्या चौकटींना खोबरेल लावत तू म्हणालीस, "पुन्यांदा असं करू नगंस. लोक आपल्याला जगू द्यायचं न्हाईत." तू चुकीचं बोलली नव्हतीस. मला मात्र राग आला होता. तो पुरता गेलाय असं म्हणणार नाही.

मग तू मला सुभेदारांच्या हवाली केलंस. ते तेव्हा नुकतेच पेन्शनीत आले होते आणि पहाटे गावच्या पोरांना ओढ्यापर्यंत पळवायचे. आपल्याकडे ऊस नाही, पाणी नाही, पोरगं दहावी झालं की एकच वाट, मिलिटरी. प्रत्येक घरातून एक तरी गेलेला. सुभेदार मला कधी ओरडले नाहीत. मी पळायला चांगली होते. फक्त एकदा म्हणाले होते, हात छातीशी धर, वाऱ्यावर सोडू नको. एकोणिसाव्या वर्षी साताऱ्याला भरती निघाली. तू शेडवरच्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंस. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मावशीचा मुलगा माझ्याबरोबरच आला होता. मावशी आणि तू एकाच ढिगावर बसायच्या, एकाच डब्यातलं खायच्या, आणि तुम्हा दोघींना आपापली पोरं एका दिवशी फौजी झालेली बघायची होती.

पळण्यात मी पहिल्या दहांत आले. मग छाती मोजायची रांग लागली. शर्ट, बनियन काढायचं, चड्डीवर उभं राहायचं, पुढच्याच्या पाठीला हात लावून. आई, मला तो शर्ट काढता आला नाही. एवढंच झालं. कुणी हाकललं नाही, कुणी हसलं नाही. मी पहिलं बटण काढलं, परत लावलं, रांगेतून बाहेर पडले आणि चालत स्टँडवर गेले. आता लोक टाळ्या वाजवतात ते मी कपडे उतरवते म्हणून. तेव्हा एका शर्टापाशी माझं अडलं होतं.

स्टँडसमोरच्या बूथवरून मी शेडच्या मालकाच्या नंबरवर फोन लावला. तू धावत आलीस, धापा ऐकू येत होत्या, आणि मागे सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या तेही ऐकू येत होतं. "काय झालं रं?" तू विचारलंस. मी म्हणाले, "झालो भरती." पलीकडे गलका झाला. तू रडत होतीस. तासाभराने मावशीच्या मुलाचा फोन गेला असणार, तोही झाला होता, खराखुरा, आणि दुसऱ्या रांगेत असल्यामुळे मी निघालेली त्याने बघितली नव्हती. पुढे महिनाभराने वेशीजवळच्या पाटीवर त्याचं नाव आणि त्याच्या खाली माझं रंगवलं गेलं. खोटं माझं होतं, आई. पाटी गावाची होती.

मी साताऱ्यातच राहिले. एका ऑर्केस्ट्रात आधी सामान उचललं, मग मेकअपवाल्या बाईची मदतनीस झाले, मग एक दिवस नाचणारी आलीच नाही म्हणून तिचा झगा मला चढवला. खंडाळ्याच्या अलीकडे हायवेवर एक हॉटेल होतं, तिथे वर्षभर. मग पुणे, मग गोवा, बेंगलोर. ते सगळं काही झगमगीत नव्हतं. कुणी दारू अंगावर ओतली, कुणी खोलीत कोंडून ठेवलं, एका मालकाने माझा दात पाडला. पण आरशासमोर बसलं की मी मला दिसायची, आणि ते गावात एकदाही झालं नव्हतं. केस मात्र पाच-सहा वर्षं बारीकच ठेवले, वर विग. कारण वर्षातून एकदा मला तुझ्याकडे रजेवर यायचं असायचं.

हो, रजेवर. काळी ट्रंक विकत घेतली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घातला, नंबर मनचाच. साताऱ्यात रिटायर फौजी काही कमी नाहीत, त्यांच्याकडून कँटीनच्या रमच्या बाटल्या, साबण, थर्मास घ्यायची. गावात आले की शेजारच्या काकांना रम, तुला थर्मास. पोस्टिंग कुठे विचारलं की सांगायला बंदी आहे म्हणायची. लोक माना डोलवायचे. बाकीच्या जवानांच्या रजा आणि माझी रजा एकत्र येऊ नये याची काळजी घ्यायची. स्टेजवर मी इतकं नीट काम कधी केलं नसेल. आठ दिवस आवाज जाड करून बोलायची, आणि परत जाताना एसटीत घसा बसलेला असायचा.

तिसऱ्या वर्षी मावशीचा मुलगा गेला. पेटी आली, तिरंगा आला, साहेब आले. मी आले नाही. कुठल्या तोंडाने येणार होते? तू फोनवर म्हणालीस, "आली न्हाईस तेच बरं..." नाही, तू असं नाही म्हणालीस. तू म्हणालीस, "आला न्हाईस तेच बरं, मावशीला बघवलं नसतं तुझ्याकडं." मी आता लिहिताना तुझ्या तोंडी माझं बोलणं घातलं. राहू दे तसंच, खोडत नाही.

सहाव्या वर्षी ग्रामपंचायतीने पंधरा ऑगस्टला जवानांच्या आयांचा सत्कार ठेवला आणि तू पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस. वर्दीत ये म्हणालीस, एकदाच. सांगलीत नाटकाचे कपडे भाड्याने मिळतात तिथून मी वर्दी घेतली. बूट घासले, पट्टा घासला, घरातून निघताना टोपी घातली. शाळेच्या मैदानात सगळं गाव. खुर्चीवर तू आणि शेजारी मावशी, दोघींच्या मांडीवर नारळ आणि शाल. मी ताठ चालत आले आणि सुभेदारांपुढे सॅल्यूट ठोकला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पुढे झाले, दोन्ही हातांनी माझी टोपी उचलली, फिरवली आणि परत बसवली. बिल्ला डाव्या डोळ्यावर, कापडाचा लोंबता झोल उजवीकडे. मी उलटी घातली होती, झोल डावीकडे काढून, भुवईवर कलती. स्टेजवर मी कुठलीही टोपी तशीच घालते, तिकडून लाइट येतो म्हणून. फौजेत सहा वर्षं काढलेला माणूस झोपेतसुद्धा तशी टोपी घालणार नाही, आणि त्या मैदानात निदान चाळीस फौजी बसले होते. सुभेदार मोठ्याने म्हणाले, "रजेवर आलं की पोरं ढिली पडत्यात." सगळे हसले. मी तुझ्याकडे बघितलं. तू हसत नव्हतीस. तू त्यांच्या हातांकडे बघत होतीस.

घरी आल्यावर तू मला शर्ट काढायला सांगितलंस. खिशाचं बटण लोंबत होतं, ते तुला मैदानातच दिसलं होतं. साडीच्या फॉलला आणलेलं लाल रीळ तेवढं घरात होतं. तू उंबऱ्याशी उजेडात बसलीस आणि हिरव्या वर्दीवर लाल दोऱ्याने बटण लावलंस, चार वेळा दोरा फिरवून, दाताने तोडून. मी बनियनवर समोर बसले होते. मला वाटलं आता विचारेल. विचार की, असं मी मनात म्हणत होते, आणि विचारू नको असंही. तू शर्ट माझ्या मांडीवर टाकलास आणि म्हणालीस, "टोपी नीट घालायला शीक." बस्स. चुलीकडे गेलीस.

ती वर्दी मी परत केलीच नाही. आणि इथून पुढचं लिहायला मला जड जातंय. ज्या नाचाने मला नाव मिळालं, ज्यावर हॉल उभे राहून शिट्ट्या मारतात, पोस्टरवर माझा जो फोटो असतो, तो नाच त्या वर्दीतला आहे. जवान रजेवर येतो. कडक चालतो, सॅल्यूट करतो, टोपी भुवईवर कलती. मग खिशाचं बटण काढून आतून पत्र काढेल असं वाटतं, आणि तो काढतो लिपस्टिक. तिथे हॉल फुटतो. पुढे वर्दी उतरते आणि आत मी असते, टिकल्यांच्या झग्यात. हे मला कुणी सुचवलं नव्हतं. तुझ्या उंबऱ्यावरून उठून गेले आणि सहा महिन्यांत बसवलं. आपल्या दोघींच्या लाजेची मी करमणूक केली आणि त्यावर मोठी झाले. मावशीच्या मुलाची आठवण तेव्हा मला झाली नाही, ती नंतर झाली, आणि ती अजून प्रत्येक शोला होते. तरी नाच करते.

मग एकदा तुझा फोन आला. एव्हाना तुझ्याकडे स्वतःचा मोबाइल होता. खोकला फार वाढला होता, चार शब्दांनंतर थांबायचीस. जेवलास का, थंडी हाय का तिकडं, रजा कवा हाय. नेहमीचंच. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "त्ये बटण टिकलंय न्हवं?" मी म्हणाले, टिकलंय की. तू म्हणालीस, "मग बरं." मला त्यात काही वाटलं नाही. मेकअप करत होते मी, फोन खांद्याने कानाला धरून. ते आपलं शेवटचं बोलणं.

तू गेलीस तेव्हा माझे केस खांद्याच्या खाली आले होते. दोन वर्षं रजा काढली नव्हती, पहिल्यांदा केस वाढवले होते. पाण्याजवळ न्हाव्याने काही न विचारता ते उतरवले आणि गावाने बघून न बघितल्यासारखं केलं. अग्नी मुलाने द्यायचा, तो मुलगा मी होते. तुझ्यासाठी तेवढं मी केलं. दहाव्याला सगळे गेल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. शेडवरच्या एका पोरीने मोबाइलवर नाच लावला होता, मिलिटरीवाली बाई बघा म्हणून. सगळ्या बायका जमल्या. पोरगी तुला म्हणाली, काकू, हे तुमच्या पोरावानी दिसतंय. तू फोन हातात घेतलास, शंका आलेला दाणा धरावा तसा डोळ्यांजवळ धरलास. ती लिपस्टिकची जागा आली. तू फोन परत दिलास आणि म्हणालीस, "माझा न्हाई ह्यो. माझा बार्डरवर हाय." मग ढिगापुढे बसलीस. मावशी म्हणाली, "जरा येळानं त्या पोरीला म्हन्ली, परत लाव की. तितंपतूर बघितलं आन म्हन्ली, ऱ्हाऊ दे. त्या दिशी तिच्या हिरव्या ढिगात काळा बेदाणा गेला. मालक बोलला तिला." मी मावशीला विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तुमचा गेला, आणि आम्ही असं. मावशीने आपली बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "तिच्या शेजारी बसायची सवं हुती मला."

तिथून उठून मी दारामागे गेले आणि बटणाचा तो फोन मला पहिल्यांदा कळला. तू ओळखलं होतंस. रंग फासलेला, पापण्या चिकटवलेल्या, बाई झालेली मी, आणि तू मला एका लाल दोऱ्यावरून निवडून काढलंस. लोकांपुढे नाकारलंस आणि मग मला फोन करून सांगितलंस की बघितलं. यापेक्षा जास्त तू मला कधी काही दिलं नाहीस, आणि मी ते कानाला लावून भुवया रंगवत बसले होते.

सकाळी मी सुभेदारांना फोन केला. मी म्हणाले, नाव खोडा. माझ्या वरचं नाव खरं आहे, त्याच्याखाली माझं दगडात नको. ते म्हणाले, "खोडतो. पन मग लोक तुझ्या आईला खोटी म्हन्तील. मेलेल्या माणसाला बोलता येत न्हाई." याचं उत्तर मी दोन दिवस शोधत होते. मी म्हणाले, गावाला सांगा, खोटं मी बोलले. आईला काही माहीत नव्हतं. मरेपर्यंत तिला मुलगा फौजेत आहे असंच वाटत होतं. तिने तो नाचही बघितला असेल तर ओळखलं नसणार, तिने शेडवर सगळ्यांपुढे सांगितलंच होतं की हा माझा नाही. सुभेदारांच्या हातांनीच तर टोपी फिरवली होती, तू बघत होतीस हे त्यांना ठाऊक आहे. तरी म्हणाले, "बरं. असंच सांगतो." म्हणजे आता गावात तू भोळी राहशील, मी दगाबाज, आणि तू मला ओळखलंस हे माझ्यापाशीच राहणार, मावशी आहे तोवर थोडंसं तिच्यापाशी. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून तुलाच सांगितलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही.

एक राहिलं. माझे कपडे बघणारी बाई पहिल्या शोपासून मागे लागली होती, हिरव्यावर लाल दोरा घाण दिसतो, कॅमेऱ्यात येतो, दोन मिनिटांत बदलून देते. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, आता वेळ नाही, उद्या बघू. वेळ होता, आई.